रुमालाखालचा भाव

मी ऑनलाइन मार्केटिंगचा मॅनेजर झालो, त्यात माझ्यापेक्षा दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, हात जास्त. आमची कंपनी पशुखाद्याची. साहेब म्हणाले, "एक लाइव्ह करून दाखव, लोक थांबले तर बढती."

मी घोडेगावच्या बाजारातून, दादा म्हैस विकतानाच लाइव्ह लावला. दादांनी रिवाजाप्रमाणे गिऱ्हाइकाचा हात धरला, वर रुमाल टाकला आणि आत बोटं दाबून सौदा सुरू केला. मोबाईलवर नुसता रुमाल. कॉमेंटमध्ये सगळ्यांचा एकच प्रश्न, भाव काय?

मी म्हणालो, "दादा, लोक भाव विचारत्यात."

दादांनी मोबाईलकडं बघितलं. "ज्याला भाव पायजे, त्यानं हात द्यावा."

कॉमेंटमध्ये हातांच्या चित्रांची रांग लागली. एक हात साहेबांचाही होता.

बढती मिळाली. म्हशीचा भाव मात्र दादांनी मला अजून सांगितला नाही.