साडेपाच हजार वर्षांचं दार

—सही करा मॅडम, आणि सावलीत चला. चहा उकळून उकळून काकवी झालीय त्याची. नकाशा तोच आहे, चाळीस वर्षं तोच आहे, भिंत काय उठून लक्सरला जाणार आहे? उद्या सकाळी उत्खननाचे डॉक्टर हॉल्म पाहुणे घेऊन येणार, दाराशी पाटी लागणार, पाटीशेजारी माझा फोटो निघणार— रईस अब्देल-रादी, खणणाऱ्यांचा मुकादम, ज्यानं हे दार शोधलं— आणि अडलंय कशासाठी, तर पुरातत्त्व खात्याच्या तपासनीसाच्या सहीसाठी. म्हणजे तुमच्या. तुमच्या आधीच्यांनी खुर्चीत बसून केली, एकानं तर गाडीतून न उतरता केली, देव त्याचं भलं करो. आणि तुम्ही आल्यापासून गुडघ्यांवर. कैरोत विजारी फुकट मिळतात वाटतं.

उंबरठा? झिजला असेल. एवढ्या वर्षांत माणसं झिजतात, उंबरठ्याचं काय घेऊन बसलात! दार फिरायचा खळगीचा दगड? तो चोरला असेल कुणीतरी. इथले लोक चोर, हे तर डॉक्टरच्या पुस्तकातच लिहिलंय, दुसऱ्याच पानावर. तुम्ही पुस्तक वाचलं नाहीत का? या दारावर चाळीस पानं आहेत— पहिले शेतकरी इथून पहाटे सूर्याला नमस्कार करायचे म्हणे. आणि दार तिरकं का? तर वारा आत येऊ नये म्हणून, दृष्ट लागू नये म्हणून, शत्रू गोंधळावा म्हणून. एवढी कारणं एका दाराला! माझ्या घराच्या दाराला एकच कारण आहे— म्हैस आत यावी.

नाही, थट्टा नाही करत. डॉक्टर मोठा माणूस. पण हे दगडी देवळाचं काम नव्हे ना मॅडम, दगड लागला की खण्णकन आवाज येतो, गाढवालाही कळतं. इथे भिंत मातीची, पडलेली भिंतही मातीची, तिच्यावर बसलेला गाळ मातीचा, आणि दुपारपर्यंत खणणाऱ्याचं थोबाडही मातीचं. मातीतनं माती काढायची आणि मातीच ठेवायची. हे जमतं ते आम्हा कुफ्त गावच्या खणणाऱ्यांना— माझा आजा हेच करायचा, बापही हेच. सकाळी पाणी शिंपडायचं आणि बघत बसायचं, वीट आधी सुकते की सांधा आधी सुकतो. शाझली तर पाणीही शिंपडायचा नाही. जोडे काढायचा आणि नुसता उभा राहायचा. तळपायाला कळायचं त्याच्या— इथे भिंत आहे, इथे नाही. आम्ही हसायचो, म्हणायचो, हा म्हशीच्या जातीचा, खुरानं बघतो.

कोण शाझली? शाझलीचं नाव काढलं का मी? उन्हानं होतं असं. चुलत भाऊ माझा. आहे, जिवंत आहे, कालव्याच्या पलीकडे. विटा पाडतो. हो— ज्याच्या तळपायाला साडेपाच हजार वर्षांची वीट कळायची, तो साच्यात चिखल भरून नव्या विटा पाडतो. हसा की! मी चाळीस वर्षं हसतोय.

भांडण? भांडण कसलं. ईदला माझी बायको त्याच्याकडे कहक बिस्किटांचं ताट पाठवते, साखर लावलेली, खजूर भरलेली. आमच्यात दुसऱ्याचं ताट रिकामं परत करत नाहीत. तोही करत नाही— भरलेलंच परत करतो, फडक्याची गाठसुद्धा माझ्या बायकोनं मारलेली तशीच. उद्याच्या जेवणाचंही बोलावणं धाडलं त्याला. मी काय वाईट माणूस आहे? काय निरोप आला, माहितेय? ‘दारातनं आलो असतो, पण तिथे भिंत आहे.’ बघा! म्हातारा झाला तरी जिभेची धार तशीच.

ते— ते सोडा. चहा घ्या. बरं, विचारताय तर सांगतो, लिहू नका मात्र. त्या हिवाळ्यात म्हातारा रईस थकला होता. पुढचा मुकादम आम्हा दोघांतला एक होणार, हे कुत्र्यालाही ठाऊक. मी खोरं घेऊन भिंतीच्या कडेकडेनं चाललो होतो, सरळ, भराभर, डॉक्टरनं बघावं म्हणून. शाझली वर अनवाणी उभा. म्हणाला, ‘राद्या, थांब, भिंत इथे वळतेय.’ मी म्हणालो, ‘भिंत नाही वळत, तुझं डोकं फिरलंय.’ नाचता येईना अंगण वाकडं, तसं माझं नव्हतं हो— अंगण खरंच वाकडं होतं! अकरा घाव घातले. कळलं कधी? नवव्याला कळलं. विटेतला भुसा चमकला, कापलेला, ताजा. मग दहावा आणि अकरावा कशाला? ...कडा साफ करायला.

असं बघू नका. डॉक्टर आला, टोपी काढली, म्हणाला— दार! शाझली म्हणाला, दार नाही साहेब, आत्ता फोडलंय. डॉक्टरनं मला विचारलं. मी तेवीस वर्षांचा, आणि त्याच्या भाषेतला तो एकच शब्द मला आत्ताच ऐकून पाठ झालेला. म्हणालो, दार. झालं. मी रईस, शाझली जळका. मग एकाही मोहिमेनं त्याला उभं केलं नाही. जळक्याला कोण ठेवतो? चाळीस हिवाळे मी रोज या भोकासमोर चहा पितो, मॅडम, आणि रोज मला लाज वाटते. म्हणून जीभ अशी तिखट. दुसरं काय आहे माझ्याकडे?

हात कुठे घालताय? हं. बघितलंत. दोन्ही कडांना अर्ध्या विटा. दाराच्या कडेला गवंडी अख्खी वीट लावतो, हे शेंबडं पोरही सांगेल. एवढे विद्वान आले, मेजपट्ट्या घेऊन, कॅमेरे घेऊन— हात तुम्हीच लावलात पहिल्यांदा. बाकीचे पुस्तक वाचत होते.

पेन्सिल मला कशाला? मी काढायची भिंत, नकाशावर? पोरी, उद्या फोटो आहे माझा. परवापासून मला रईस म्हणेल का कोणी? नातवंडं काय सांगतील, आजोबांनी भिंत फोडली आणि... आण. आण इकडे ती. नकाशा उलटा नाही ना धरला मी? ही पलीकडची भिंत, ही अलीकडची. मधे भोक. सरक जरा, तुझी सावली पडतेय. इथून निघते... इथे वळते... आणि इथे जाऊन मिळते. मिटलं दार.

वाकडी आली रेघ? वाकडीच आहे ती, पोरी. शाझली ओरडून सांगत होता.

करा आता सही. आणि निघा, उन्हात थांबू नका. मला जरा जोडे काढायचेत.