दांडा कोणाच्या हातात होता

जबाब
ता. १९ नोव्हेंबर २०२५

नाव – सीता रामजी तांबे, वय – ६२ वर्षे, धंदा – घरकाम, राहणार – बौद्धवाडी, भाट्ये, ता. जि. रत्नागिरी. शिक्षण – दुसरी. लिहिता-वाचता येते.

मी समक्ष हजर राहून जबाब देते की, मला कोणी बोलावलेले नाही, मी स्वतःहून आले आहे. रविवारी सकाळी भाट्ये खाडीत आमची 'मैत्री' ही शिडाची बोट गौरव मयेकर यांच्या नांगरलेल्या होडीवर आदळली. होडीत जाळे शिवत बसलेले गौरव पाण्यात पडले आणि त्यांचे उजवे मनगट मोडले. इस्पितळातून पोलिसांना कळवण्यात आले. जेटीवर आलेल्या हवालदारांना माझे धाकटे दीर प्रज्ञेश तांबे यांनी सांगितले की, सुकाणूचा दांडा त्यांच्या हातात होता आणि तो आखूड असल्यामुळे सुटला. या दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. दांडा माझ्या हातात होता. प्रज्ञेश यांचा जबाब उद्या लिहायचा आहे, म्हणून मी आज आले.

प्रज्ञेश जयगडला बंदरातली लाँच चालवतात. अपघात त्यांच्या नावावर लागला तर त्यांना लाँचवरून उतरवतील. हे त्यांना माहीत होते. काल मी फोन करून विचारले, "खोटं कशाला बोललास?" ते म्हणाले, "वयनी, दादा असता तर तुला ठाण्यात जाऊ दिला असता काय?" मी म्हटले, "ते असते तर माझ्याबरोबर आले असते."

माझे पती रामजी बोटी दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात फिटर होते. मला शाळेतून लवकर काढले होते. लग्नानंतर मी त्यांचा डबा घेऊन जात असे, तेव्हा किनाऱ्यावर ओढलेल्या होड्यांवरची नावे ते मला वाचायला लावत. नाव वाचल्याशिवाय डबा उघडत नसत. मी तशी वाचायला शिकले. पुढे मिळेल ते वाचत गेले. आता पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, म्हणजे वर्षावासात, समाजमंदिरात ग्रंथवाचन मी करते.

'मैत्री' ही जुनी फायबरची बोट मुंबईच्या एका गृहस्थांनी दुरुस्तीला आणून सोडली आणि पुढे माझ्या पतींच्या नावे करून दिली. कागद सोबत आणले आहेत. तिला सुकाणू फिरवायला मोटारीसारखे चाक होते. निवृत्त झाल्यावर पती मला खाडीत नेत. चाक माझ्या हातात देत आणि स्वतः पुढे बसून शीड सांभाळत. मी चुकले तरी मागे वळून बघत नसत. "अगो सावकाश, खाडी काय कुठं जात नाय," एवढेच म्हणत.

एकदा खाडीच्या तोंडाशी चाकाखालची तार गंजून तुटली. चाक नुसते गरगर फिरू लागले आणि बोट वाळूवर जाऊन बसली. भरती येईपर्यंत आम्ही तिथेच बसून होतो. चाक काढायचे आणि सुकाणूला थेट लाकडी दांडा बसवायचा, हे त्यांनी तेव्हा ठरवले. म्हणाले, "मधी तार नको. पाणी काय म्हणतंय ता सरळ हाताला कळला पायजे."

नंतर त्यांचा फुप्फुसाचा आजार वाढला. उंडीची एक बाकदार फांदी त्यांनी आधीच मिळवून ठेवली होती. ती ते पडवीत बाकड्यावर बसून तासत. दम लागला की थांबत. एकदा मी भाकऱ्या टाकत असताना मला बाहेर बोलावले. भिंतीला पाठ टेकून बस, हात पुढे कर, असे सांगून त्यांनी सुतळीने माप घेतले. मी म्हटले, "तव्यावर भाकरी आहे. माझं कसलं माप घेताय, सदरा शिवणार आहात काय?" ते म्हणाले, "बस गो जरा." भाकरी करपली. त्याच सुमारास माझे लाटणे हरवले होते, ते मला पडवीत भुशाखाली सापडले. त्यावर पेन्सिलीच्या खुणा होत्या. जबाब टाइप करणाऱ्या हवालदारांनी विचारले, "मावशी, लाटणं जबाबात कशाला?" मी म्हटले, लिहा, पुढे लागेल.

दांड्याला शेवटचे तेल लावले तेव्हा त्यांना फाटकापर्यंत चालवत नव्हते. गेल्या वर्षी वर्षावासात ते वारले. तेव्हा ग्रंथ अर्धा झाला होता. उरलेला मी वाचून पुरा केला.

त्यानंतर बोट ताडपत्रीखाली होती. यंदा पाऊस संपल्यावर प्रज्ञेश रजा काढून आले. चाक, त्याचा खांब, तारा आणि पुल्या त्यांनी काढल्या. खांबाच्या भोकावर पत्रा बसवला. सुकाणूच्या वर आलेल्या चौकोनी टोकावर दांडा लावला, तो एका दमात बसला. मग प्रज्ञेश मागे बसून बघू लागले. ते माझ्या पतींसारखेच उंच आहेत. मी दोघांच्याही खांद्याला लागत नाही. दांडा त्यांच्या गुडघ्यांना अडला. ते म्हणाले, "वयनी, ह्यो आखूड झालाय. दादाचा माप चुकला. आजारात कसा जमणार? आपण नवीन करू." मी म्हटले, आहे तोच राहू दे. माप चुकले असेल असे मलाही तेव्हा वाटले होते. मी तसे बोलले नाही, पण वाटले होते.

रविवारी भरती होती आणि वारा थोडा होता. प्रज्ञेश पुढे शिडाजवळ बसले आणि मला दांड्यावर बसायला सांगितले. मी मागच्या कोपऱ्यात पाठ टेकून बसले आणि हात पुढे केला. दांडा हातात आला. वाकावे लागले नाही. कोपर जिथे टेकायला हवे तिथे टेकले. मूठ माझ्या लाटण्याएवढी होती.

त्यानंतर काही वेळ माझे लक्ष समोर नव्हते. जबाब घेणाऱ्या साहेबांनी विचारले, लक्ष कुठे होते. मी पाण्याकडे बघत नव्हते, एवढेच लिहावे.

प्रज्ञेश ओरडले, "वयनी, होडी! उजवीकडं घे!" चाक उजवीकडे फिरवले की बोट उजवीकडे जाते. दांड्याचे उलटे असते. दांडा उजवीकडे ढकलला की बोट डावीकडे जाते. हे मला निघण्यापूर्वी सांगितले होते आणि मी दोनदा म्हणूनही दाखवले होते. पण माझा हात चाकावर शिकलेला होता. घाबरून मी दांडा उजवीकडे ढकलला. होडी आमच्या डाव्या अंगाला होती. दांडा हातातून सुटला नाही. मी तो घट्ट धरला होता, म्हणूनच आदळलो.

प्रज्ञेश यांनी उडी मारून गौरव यांना वर घेतले. गौरव मनगट धरून म्हणाले, "ओ काकी, एवढी मोठी खाडी, माझीच होडी गावली काय तुमाला?" मला रडू आले. तेव्हा ते म्हणाले, "रडताव कशाला तुमी? हात माझा मोडलाय." काल मी इस्पितळात त्यांना पेज घेऊन गेले होते. माझी तक्रार नाही असे ते म्हणाले, पण तो त्यांचा मोठेपणा आहे, माझी चूक त्याने कमी होत नाही. हात बरा होईपर्यंत त्यांची जाळी मी शिवून देणार आहे.

साहेब म्हणाले, "तुम्ही दिराला वाचवताय की दीर तुम्हाला, हे मी कसं ठरवू?" मी म्हटले, दांडा तुम्ही जप्त केला आहे, बोट जेटीला आहे. लावून बघा. त्याप्रमाणे आम्ही जेटीवर गेलो. हवालदार हर्षद पालव प्रज्ञेश यांच्याएवढे उंच आहेत. ते मागच्या कोपऱ्यात बसले. दांडा त्यांच्या गुडघ्यांत अडकला, कोणत्याच बाजूला ढकलता येईना. ते म्हणाले, "साहेब, ह्याच्यावर माणूस बसूच शकत नाही." मग मी बसले. साहेबांनी मला दांडा एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे न्यायला सांगितले. मी नेला. बोटीतून उतरताना त्यांनी मला हात दिला.

परत येताना ते म्हणाले, "चाकच परत बसवा मावशी, सवयीचं आहे." मी म्हटले, हाताची सवय बदलता येते. कायद्याप्रमाणे माझ्यावर जी कारवाई होईल ती मला मान्य आहे. माझे दीर प्रज्ञेश यांचा यात दोष नाही. दांडा सोडवून मिळेपर्यंत तो उन्हात ठेवू नये आणि त्याला बांधलेली जप्तीची चिठ्ठी मुठीवर न बांधता दुसऱ्या टोकाला बांधावी, अशी माझी विनंती आहे.

हवालदारांनी जबाब वाचून दाखवू का, असे विचारले. मी तो हातात घेऊन स्वतः वाचला. एका ठिकाणी 'चुकीच्या मापाचा दांडा' असे टाइप झाले होते. ते शब्द मी खोडायला लावले आणि शेजारी सही केली. बाकी मी सांगितले तसेच लिहिले आहे. दांड्याचे माप बरोबर आहे.

सही
सीता रामजी तांबे