फळीवरची बातमी

तुम्ही हसाल, पण काशीबाईची जमीन माझ्या फळीवरच्या कागदानं वाचवली.

काशीबाई कसत होती ते रान मालक काढून घ्यायला निघाला होता. तिची वकील म्हणजे आमच्या शेजारची सिंधू, नवी नवी. सरकारनं कूळकायदा बदलल्याची बातमी तिनं वाचली होती. त्या बातमीची तारीख मिळाली, तर नगरच्या ग्रंथालयात कायद्याच्या मासिकातला त्यावरचा लेख सापडणार होता. पारनेरची सगळी रद्दी तिनं उपसली, मग माझ्या दारात उभी.

"काकू, दिवाळीला तुम्ही आमचे पेपर नेले होते ना?"

"नेल्ते की. पर ते फळ्यांवर हायेत, कडेला नक्षी कापून."

"डबे उतरवा!"

हळदीच्या डब्याखाली बातमी निघाली, वर तारीख शाबूत. पुढं काय होतंय ते बघायला मीही तिच्यासंगं एस.टी.त बसले.

तारखेवरून ग्रंथपालांनी बरोबर अंक काढला. सिंधूनं उभ्या उभ्या अख्खा लेख उतरवून घेतला. कात्रण परत देताना ग्रंथपाल म्हणाले, "वकीलबाई, पेपर जपून ठेवत जा. उंदरानं कुरतडलाय हा."

मला राहवेना. "अवो सायेब, उंदीर इतकी सारखी नक्षी काढतो व्हय?"