संबंध नसलेले तज्ज्ञ

चौऱ्याण्णव सालच्या मार्गशीर्षातलं कोवळं ऊन होतं. नरडाणा स्टेशनावर कलाबाई धरणगावला परतायला पॅसेंजरची वाट पाहत बसली होती. ऊन पाठीला लागून डोळे मिटत होते, पण कान मात्र शेजारच्या बाकाकडे होते. तिथं कृषी खात्यातला एक तरुण साहेब एका पिकल्या केसांच्या मॅडमना गळ घालत होता.

“कापूस संशोधन संस्थेचं अनुदान चालू ठेवायचं की नाही, ते ठरवायला बाहेरचे तज्ज्ञ हवेत, मॅडम.”

“बाहेरचे म्हणजे?”

“संस्थेशी संबंध नसलेले. तुम्ही तिथं कधी नोकरी केली?”

“नाही.”

“संचालक नात्यातले?”

“नाही. व्हायचे होते.”

“म्हणजे?”

“धुळ्याला बरोबर शिकलो आम्ही. उजाडता उजाडता कपाशीत जायचो. आज पिवळं उमललेलं फूल उद्या गुलाबी होतं, ते पाहायला. तो म्हणायचा, लाजतंय.”

“मग?”

“मग त्याच्या घरच्यांनी दुसरीकडे जमवलं.”

“लग्न झालं नाही ना? मग नियमात बसतं.”

“नियमात बसतं हो. माझ्या मनात बसत नाही.”

“तुम्ही नाही म्हणालात तर निर्णय लांबेल. तोवर पैसा थांबेल त्यांचा.”

“ठाऊक आहे. तरी दुसरं कुणी शोधा.”

गाडी आली. साहेब फलाटावरच राहिला. कलाबाईनं लगबगीनं चढून खिडकी धरली, आणि मॅडम डब्यात शिरताच ती सरकून बसली नि खिडकीजवळची मोकळी जागा तिनं थोपटली.

“अक्का, आठे या. आठेन वावरे दिसतीन.”