जिथे बर्फाचा कारखाना होता

...नाही, पण मला एक सांगा, माणसाच्या घराला नंबर दिला तर मी त्याचं काय घोडं मारलं हो? जगभर घरांना नंबर असतात, खोल्यांना असतात, कबरींनासुद्धा असतात! आणि आमच्या मानाग्वा शहरात नंबर म्हटलं की लोक असे बघतात, जणू मी त्यांच्या अंगणात खड्डा खणायला आलोय.

तुम्हाला सांगतो, माझी चूक एकच. मी जलदगती मास्टर्सला गेलो. नगर आणि प्रादेशिक नियोजन! साधी पोरं आधी पदवी घेतात, मग दोन वर्षं आरामात मास्टर्स करतात, आणि आम्हाला पदवीच्या शेवटच्या वर्षातच निम्मं मास्टर्स कोंबून दिलं... सोमवारी सांडपाणी शिकवलं, बुधवारी परीक्षा, शुक्रवारी विसरलो. प्रादेशिक नियोजन तर एका दुपारीच उरकलं! जेवून आलो तेव्हा नद्या चालू होत्या, कॉफी येईस्तोवर अख्खा प्रदेश संपला. मी हात वर केला, "सर, डोंगर राहिले की." आमचे डॉक्टर अर्गुएयो चष्म्यावरून बघतात, "एव्हेनोर, डोंगर कुठे पळून जातायत? घरी वाचून घ्या." आता आमच्याकडचे डोंगर म्हणजे ज्वालामुखी, त्यांचा काय भरवसा? पण विचारायला वेळ कुठे? जलदगती!

मग आला शेवटचा प्रकल्प. मी म्हटलं, आपल्या वस्तीला पत्ते देऊ. रस्त्याच्या तोंडाशी नावाचा खांब, दारावर नंबर. सर खूश! म्हणाले, "छान. आम्ही दोघे परीक्षक टॅक्सीनं येऊ, हातात फक्त तुमचा नवा पत्ता. तुम्ही घरातच थांबायचं, आणायला बाहेर यायचं नाही. पत्त्यावरून पोचलो तर पदवी. नाही पोचलो, तर साध्या वर्गात, पहिल्या दिवसापासून." दोन वर्षं हो! मी घरी येऊन आईला सांगितलं, तर ती मक्याचं पीठ भरून उकडायच्या नाकातामालसाठी केळीची पानं पुसत होती, मान वरसुद्धा केली नाही.

"नंबर कशाला? आपल्याला पत्ता आहे की. जिथे बर्फाचा कारखाना होता, तिथून दोन कोपरे तळ्याकडे, अर्धा कोपरा उगवतीकडे, चिंचेसमोर."

"अगं आई, कारखाना भूकंपात गेला! तू तरी पाहिलायस का तो?"

"मी तेव्हा रांगत होते."

"मग?"

"मग काय? होता ना तो?"

मी तोंड उघडलं, तर म्हणते, "आणि तुझा मामा कोस्टा रिकाहून उद्या परत आला तर? त्याला तुझा नंबर ठाऊक आहे का?" मामा कामाला गेला तेव्हा मी दुसरीत होतो. फोनवर म्हणतो, नाताळला येतो. नाताळ येतो, मामा येत नाही... मला भरून आलं हो, खरंच आलं, पण रडायला वेळ होता का? खांब रंगवायचा होता. जलदगती!

खांब उभा केला कोपऱ्यावर, पंक्चरवाल्या डॉन बायार्दोंच्या दुकानासमोर. (आमच्याकडे मोठ्या माणसांना मानानं डॉन, बायकांना डोन्या म्हणतात.) "पहिला रस्ता", हिरव्यावर पांढरी अक्षरं, काय सुंदर दिसत होता! मी हात धुऊन येतो तो डॉन बायार्दोंनी त्याला टायर लटकवलेला. "अरे, जाहिरातीला बरा आहे हा!"

राहिले नंबर. मी आपला शहाण्यासारखा एक, दोन, तीन टाकणार होतो, पण सरांचं फर्मान, लोकसहभाग पाहिजे! अभ्यासक्रमात लोकसहभागाला किती वेळ? एक दुपार. मी सगळ्यांना चिंचेखाली बोलावलं आणि घाईघाईत म्हणून गेलो, "बरं, तुमचे तुम्हीच निवडा." ...हसू नका! तुम्ही असता तर काय केलं असतं?

डॉन बायार्दो म्हणाले, "मला शंभर. एक नंबर लावला तर गिऱ्हाइकाला वाटेल, आजच दुकान उघडलंय." तेरा कुणालाच नको. संध्याकाळी कोपऱ्यावर मांस भाजून विकणाऱ्या डोन्या मेल्बा म्हणाल्या, "माझा जन्म सात तारखेचा, मला सात हं राजा." म्हाताऱ्या डॉन उरिएलनी छाती काढली, "बेसबॉल खेळताना माझ्या पाठीवर सात होता. दुसरा नंबर दारावर लावलात तर मी घर सोडीन!" आणि आमच्या दारावर मी आधीच रंगवून ठेवलेला... सात. सरांना कळवलेला पत्ताही तोच. पहिला रस्ता, घर सात. मी म्हटलं, नंतर निस्तरू. नंतर! जलदगतीत नंतर असतं का कधी?

रविवारी परीक्षा. मी इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा. कोणी येईना. फोन वाजला. "एव्हेनोर, आम्ही सात नंबरात आलोय, तुम्ही कुठे आहात?" मी म्हटलं, "सर, मीही सात नंबरातच आहे!" मागून डोन्या मेल्बा, "अहो, लाजता काय, आणखी एक तुकडा घ्या!" थोड्या वेळानं पुन्हा फोन, आवाज खोल गेलेला, "आता दुसऱ्या सातात आहोत. हे गृहस्थ आम्हाला एक सामना सांगताहेत. चौथा डाव चालू आहे." बेसबॉलला डाव किती? नऊ! माझी पदवी तिकडे पाचव्या डावात चाललेली, आणि मी उंबऱ्याला खिळलेला!

आईनं फोन हिसकावला. "हे बघा, टॅक्सीवाल्याला द्या. हां, बाळ, जिथे बर्फाचा कारखाना होता ना, तिथून दोन कोपरे तळ्याकडे..." पलीकडून टॅक्सीवाला ओरडला, "अहो बाई, मग हे आधी नाही का सांगायचं!" आईनं फोन खाली ठेवला नाही तोच गाडी दारात.

सर उतरले, चिंचेकडे बघतच राहिले. "अरेच्चा, इथे जवळच तर माझी आत्या राहायची, कारखान्यापासून एक कोपरा!" मग दोन नाकातामाल खाल्ले, आईची तोंडभरून स्तुती केली, हात पुसले आणि म्हणाले, "पोचलो, एव्हेनोर. पण तुमच्या पत्त्यावरून नाही."

तर आता मी साध्या वर्गात आहे. सावकाश. परवा सांडपाणी सुरू झालं, नाताळपर्यंत चालेल म्हणतात. आणि तो खांब? दुसऱ्याच दिवशी पावाची गाडी मागे घेताना त्याला आडवा करून गेली. टायर डॉन बायार्दोंनी उचलला, खांब भंगारवाल्यानं नेला. मी म्हटलं, जाऊ दे, सुटलो.

काल घरी येतो तर आई फोनवर, मामाशी. आवाजात असा तोरा, मला वाटलं माझं लग्नच ठरलं! "अरे, आता कारखाना विचारत बसू नकोस, पोरांना कळत नाही हल्ली. सरळ सांग, जिथे एव्हेनोरचा खांब होता, तिथून अर्धा कोपरा उगवतीकडे. हो, हो, आपल्याच एव्हेनोरचा! सगळ्यांना ठाऊक आहे!"

बर्फाच्या कारखान्याला पत्ता व्हायला किती वर्षं लागली असतील, देव जाणे. माझा खांब आठवड्यात झाला... जलदगती!