आप्पांनी सशांना दिलेला धीर

आमच्या सशांना डॉक्टरांकडे न्यायचं म्हणजे काय दिव्य असतं, ते ऐका. मागच्या वेळी त्यांना पिंजऱ्यात बळेच कोंबलं, तर चिंगी इतकी भेदरली की दिवसभर तिनं गवताला तोंड लावलं नाही. म्हणून या वेळी मी पिंजरा हॉलमध्ये उघडाच ठेवला आणि आत मेथी टाकली. चिंगी आणि बंडू दाराशी येऊन वास घ्यायचे आणि पळून जायचे.

सटाण्याहून आलेले माझे सासरे, आप्पा, हे बघत होते. ते सरळ फरशीवर पालथे पडले आणि पिंजऱ्यात डोकं घालून म्हणाले, "या रे, घाबरू नका. मी शे ना आठे!" म्हणजे त्यांच्या अहिराणीत, 'मी आहे ना इथे!'

नेमक्या शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या. "अगं बाई, आप्पांना काय झालं?"

"काही नाही, सशांना धीर देताहेत."

तेवढ्यात चिंगी आप्पांच्या पाठीवरून चालत गेली, कानाजवळून आत घुसली आणि मेथी खायला लागली. मागोमाग बंडूही गेला. मला इतका आनंद झाला म्हणता!

"आप्पा, बाहेर या आता. दार लावते, निघायला हवं."

आतून कुजबुज आली, "थांब जरा. लगेच निघालो, तर त्यांना वाटेल मी फसवलं."