निवडुंगाची लाल बोंडं

त्या सकाळी लघवी लाल झाली, तिथून सगळं सुरू झालं. गोंडपिपरीच्या शाळेत मी नवीन मास्तरीण. आदल्या दिवशी कुंपणावरच्या निवडुंगाची चार बोंडं खाल्ली होती, तीही कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकल्याच्या भरवशावर. फळ विषारी नाही, एवढं पुस्तकात होतं. पुढचं नव्हतं. वडिलांना शेवटचं पत्र लिहायला घेतलं, पण 'तीर्थरूप'च्या पुढे हात चालेना. मग अंगणात येऊन शेजारच्या अनसूयाबाईंना हाक मारली, "बाई, मला रक्ताची लघवी होतेय! मी मरतेय!"

तीनदा ओरडले. शेवटी कुंपणापलीकडून आवाज आला, "बोंडं खाल्ल्यावर लालच होते, मास्तरीणबाई. पयल्याच हाकेले आयकलं मी. पन तोंडात दातवण होतं."